बेटावर सुपारी फोडायची होती

४ फेब्रुवारी, मंगळवार. कुंभार पिंपळगाव

बियाण्याच्या कंपनीनं दरसालाप्रमाणं डायरी दिली. दरसाली ती नंदाबाई घेती आन पोरीच्या परीक्षा, गॅसची टाकी, माहेरच्या लोकांचे वाढदिवस असलं कायबाय लिहिती. यंदा म्हणलं, बाई, ही राहू दे माझ्याकडं. यंदा माझ्याकडं बी लिहिण्यासारखं हाय.

टारगेट पूर्ण केल्याबद्दल कंपनी आम्हा डीलर लोकांना जहाजानं फिरवून राह्यली. मुंबईहून बसायचं, मंग लक्षद्वीपचं एक बेट, कोची, लंका, आन चेन्नईला उतरायचं. मागल्या साली थायलंड होतं. तव्हा मी टारगेटाला थोडक्यात हुकलो आन राजूरचा डीलर जाऊन आला. आल्यावर दोन महिने त्या माणसाच्या तोंडात दुसरा विषय न्हवता. उसाला पाणी किती द्यावं इचारलं तरी हा थायलंडवर यायचा. यंदा दोघं बी चाललो, म्हणजे त्याचं तोंड बंद.

पण खरी गोष्ट टूरची न्हाई. जालन्याचे डिस्ट्रिब्यूटर कल्याणराव बी येऊन राह्यले. आपल्या दुकानात जो माल येतो तो त्यांच्याच गोडाऊनमधून. संगं बायको कौसल्याबाई आन पोरगा सूरज. पोरगं एकुलतं, जालन्यात बंगला, स्वभाव शांत. माझ्या राजनंदिनीसाठी याच्यापरीस चांगलं स्थळ दिवा घेऊन हिंडलो तरी घावणार न्हाई. राजूरवाल्याला बी दोन पोरी हायेत, त्याचा डोळा बी तिथंच हाय. म्हणून मी राजीचं तिकीट पदरचे पैसे घालून काढलं. एवढे दिवस एका जहाजावर, पळून जाणार कुठं? जमवूनच यायचं.

राजी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला हाय. रात्रीच्या जेवणाला तिच्या कानावर घातलं. ती म्हणली, "पप्पा, मला हे स्थळ नको. मला परभणीला एम.एस्सी. करायचंय." एवढं बोलली आन खाली मान घालून भाकर मोडायला लागली. लाजली. पोरीच्या जातीला लाज असावीच. मी नंदाबाईला म्हणलं, बघ, याला म्हणतात वळण. नंदाबाईनं तव्यावरची भाकर उलटली.

९ फेब्रुवारी, रविवार. मुंबई, जहाजावर

बसलो एकदाचे. जहाज म्हणजे आपल्या गावाची पेठ उचलून पाण्यात ठेवल्यावाणी हाय. लिफ्ट हाय, नाच हाय, पोहायचा हौद हाय. चोहीकडं पाणी असून वर आणखी हौद कशाला ते कंपनीला ठाऊक.

सामान मी स्वतः भरलं होतं. कार्यक्रमाला काही कमी पडायला नको. शाली, टॉवेल, टोप्या, हळदकुंकू, सुपाऱ्या आन पाच नारळ. नारळ पेठेतून निवडून, वाजवून घेतले. बंदरावर तपासणीवाल्यांनी पिशवी उघडली आन उदबत्ती, कापूर, माचिस आन ठेच्याची बरणी काढून घेतली. ठेच्याला त्यांनी दोनदा वास घेऊन बघितला. नारळाजवळ आल्यावर तिघं जमा झाले. साहेब इंग्रजीत काही बोलला. राजी पुढं होऊन त्याच्याशी फडाफडा इंग्रजीत बोलली, तसा तो हासला आन नारळ सोडून दिले.

"काय म्हणलीस गं?"

"म्हणलं, माझं लग्न जमवायला चाललेत. मला नकोय, पण नारळाचा काय दोष?"

तिथं सगळे हासले म्हणून मी बी हासलो. पोरगी विनोदी हाय, सासरी सगळ्यांना हासवत ठेवील.

१० फेब्रुवारी, सोमवार. समुद्र

दिवसभर जहाज लागलं. नाश्त्याला सतरा प्रकार होते, त्यातलं पोटात एक बी राह्यलं न्हाई. आमच्या डीलर मंडळींत निम्मे आडवे, निम्मे बारमध्ये. नंदाबाईला मात्र काही झालं न्हाई. कठड्याला धरून पाण्याकडं बघत सकाळपासून उभी होती. म्हणलं, काय बघतीस? म्हणली, "पाणी." आता याला काय बोलावं.

संध्याकाळी आईस्क्रीमच्या काउंटरवर सूरज आन राजीची गाठ घालून दिली आन मी खांबाआड उभा राह्यलो. अर्धा तास बोलले! मी कल्याणरावांना मुद्दाम नेऊन लांबून दाखवलं. ते म्हणाले, "वा, जमतंय की." राजूरवाल्यानं बी बघितलं, त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यावाणी झालं.

नंतर राजीला इचारलं, काय बोलणं झालं? ती म्हणली, "तो त्याच्या गाडीबद्दल बोलला. मी परभणीबद्दल बोलले. मग तो म्हणाला, लग्नानंतर शिकायचं-बिकायचं काही नाही, त्याच्या आईला हाताखाली माणूस पाहिजे."

पहिल्याच भेटीत संसाराच्या गोष्टी! आमच्या येळेला तोंड वर करून बघायची बी सोय न्हवती.

"पप्पा, मी परत सांगते. मला नकोय. ऐकू येतंय का तुम्हाला?"

वारा लई होता. मी म्हणलं, येतंय, येतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार. समुद्र

आज पोटाला आराम. आन डोक्याला ताप.

दुपारी कल्याणरावांच्या खोलीत बैठक मारली. मी म्हणलं, शुभस्य शीघ्रम. दोन्ही घरचे हायेत, कंपनीचे साहेब हायेत, चाळीस डीलर साक्षीला हायेत. जहाजावरच सुपारी फोडू. सुपारी फुटली की लगीन पक्कं, मंग माघार न्हाई. कल्याणराव तयार होते. पण कौसल्याबाई आडव्या आल्या.

"पाण्यावर शुभकार्य न्हाई करायचं भाऊ. पायाखाली जमीन पायजे. आमच्यात कव्हा बी पाण्यावर सुपारी फुटली न्हाई."

आता तुमच्यात पाण्यावर सुपारी फुटायला तुम्ही काय कोळी हायेत का, असं तोंडावर आल्तं. पण पोरीचा बाप. गिळलं. मंग कल्याणरावांनी जालन्याच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, उद्या माघी पौर्णिमा, दुपारी एकच्या आत उत्तम योग हाय, त्याच्यापुढं महिनाभर मी काही सांगणार न्हाई. आन उद्याच बेट! सकाळी होड्यांनी नेणार, दोनला शेवटची होडी परत. कल्याणराव कोचीला उतरून विमानानं माघारी जाणार, म्हणजे जे काय ते उद्याच. म्हणलं, देवानंच समुद्रात आपल्यासाठी जमीन काढून ठेवली.

साहेबांनी संध्याकाळी सगळ्यांना बेटाची माहिती दिली. दगड-शिंपले उचलायचे न्हाईत, आन बेटावर दारूबंदी हाय. दुसऱ्या वाक्याला हॉलमध्ये सुतक पडल्यावाणी झालं. मला बरं वाटलं. कार्यक्रमाला मंडळी शुद्धीत राहतील.

नंदाबाईनं आज कुठं मनावर घेतलं. खोलीत आल्यावर इचारायला लागली, "सुपारीला जोडीनंच बसावं लागतं का?"

म्हणलं, "म्हणजे? पोरीच्या मायबापानं जोडीनं बसल्याबिगर सुपारी फुटती का कुठं? तू माझ्या उजव्या अंगाला बसायचं. ती जरीची हिरवी साडी नेस."

"आन एकच्या आतच पायजे का?"

"एकच्या आत."

"आन शेवटची होडी दोनला."

"दोनला. सगळं बराबर बसवलंय मी." मंग म्हणली, जरीची नको, सुती नेसते, उकाडा लई असतो बेटावर. म्हणलं नेस बाई, पण ये येळेवर. इतक्या वर्षांत ह्या बाईनं एवढे प्रश्न कव्हा इचारले न्हवते. आईचं काळीज हाय, आतून आनंद झाला असंल.

१२ फेब्रुवारी, बुधवार. बेट. लिहितोय जहाजावर, चारच्या सुमाराला

लिहिल्याशिवाय डोकं थंड होणार न्हाई.

सकाळी होडीनं उतरलो. जहाज लांबच उभं असतं, बेटाजवळ खोली कमी. पाणी मोरचूद कालवल्यावाणी निळं आन वाळू पांढरीशुभ्र, युरियाचं पोतं फुटल्यागत. आन नारळाची झाडं! जिकडं बघावं तिकडं नारळ. डोक्यावर नारळ, पायात नारळ. बेटावरल्या लोकांनी उतरल्या उतरल्या प्रत्येकाच्या हातात एकेक शहाळं दिलं. त्यातल्या एका बाप्यानं माझ्या पिशवीत हात घालून पेठेतला नारळ काढला, कानाशी नेऊन हलवला आन दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं तिसऱ्याला. पाचही नारळ आख्ख्या गर्दीतून फिरून आले. त्यांची भाषा मला येत न्हाई, पण हासणं सगळीकडं सारखंच. राजी म्हणली, "पप्पा, आपण समुद्राला पाणी आणलंय." मी म्हणलं, गप. शाल-नारळ घरचाच लागतो.

माडाखाली जागा झाडून घेतली. पाट न्हवते, म्हणून होडीवाल्याकडून चार लाइफ जाकिटं मागून घेतली, वर टॉवेल अंथरले. कल्याणराव आन कौसल्याबाई समोर जोडीनं बसले. सूरजला टोपी घातली. मराठवाड्यातले सगळे डीलर गोल करून उभे, साहेब खुर्चीवर, राजूरवाला मोबाईल धरून शूटिंग काढायला. मंठ्याच्या एका डीलरला थोडे मंत्र येतात, त्याला बसवला. बारा वाजून गेले होते. घामाच्या धारा, पण जीव कसा सुपाएवढा झाला होता.

म्हणलं, चला नंदाबाई, बसा.

ती म्हणली, "पाय धुवून येते."

बराबर हाय. पाटावर बसायच्या आधी पाय धुवावेच. ती पाण्याकडं गेली. मी हळदकुंकू मांडलं. वर बघितलं तर घोट्यापर्यंत पाणी. सुपारी तबकात ठेवली. वर बघितलं तर गुडघ्यापर्यंत. मी हाक मारली, "झाले ना पाय धुवून?" तिनं पदर खोचला, कासोटा घातला आन कमरेपर्यंत गेली. आन मंग, काय सांगू, आडवी झाली आन हात मारत सरळ निघाली की समुद्रात!

मी जागचा ओरडलो. चपला काढून पळालो, पण मला कुठं पोहता येतंय. गुडघाभर पाण्यात उभा राहून बोंब मारली, "बुडंल! बुडंल! कुणी तरी धरा!" तर राजी माझ्याजवळ येऊन म्हणली, "नाही बुडत, पप्पा. आईचं माहेर शहागड आहे. मामा सांगतो ना, गोदावरीला पाणी असलं की ही या काठाहून त्या काठाला जायची." मी ते आजवर मेव्हण्याची बडाय म्हणूनच धरून बसलो होतो. माहेरचे लोक काय, बोलतच असतात.

तोवर बाई पार लांब गेली आन पाठीवर उताणी होऊन निवांत पडली. पाण्यावर! खाटेवर पडावं तशी. आभाळाकडं बघत.

बेटावरचा एक जण छोटी होडी घेऊन तिच्याकडं गेला. पाच मिनिटं बोलला आन एकटाच माघारी आला. "साहब, मॅडम बोल रही हैं पानी बहुत अच्छा है. बाद में आएंगी." म्हणलं, अरे त्यांना बोल सुपारी रुकेली है! तो म्हणला, "बोला साहब. उन्होंने बोला, रुकने दो."

इकडं कल्याणराव घड्याळ बघून राह्यले. मंठ्यावाला म्हणला, शास्त्रात सोय हाय. बायको हजर नसली तर तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून पुरुषानं एकट्यानं बसायचं. मला पटलं. मी लगेच एक सुपारी उचलून धोतराला खोचायला गेलो, पण आज पॅन्ट होती, म्हणून खिशात घातली आन बसलो.

तशा कौसल्याबाई उठल्याच. "काय मांडलंय हे? बाई डोळ्यांपुढं पोहून राह्यली आन तिच्या नावानं सुपारी खोचता? जित्या माणसाची सुपारी करता? आम्ही न्हाई असला कार्यक्रम करणार."

चाळीस डीलर. त्यातले निम्मे हसू दाबून राह्यले, निम्म्यांनी दाबलं बी न्हाई. राजूरवाल्याचं शूटिंग एकसारखं चालू, कॅमेरा समुद्राकडं. साहेब इंग्रजीत म्हणले, व्हेरी गुड स्विमर. मी धावत काठाला जायचो, हाका मारायचो, पुन्हा माघारी येऊन कौसल्याबाईंना हात जोडायचो. नंदे, म्हणलं, अगं इज्जतीचा सवाल हाय! ती हात हलवायची. मला वाटायचं येते म्हणती, पण तशीच राहायची. सूरज टोपी काढून मोबाईल बघत बसला होता. त्याला सोयर न्हाई आन सुतक न्हाई.

एक वाजला. सव्वा वाजला. कौसल्याबाई टॉवेल झटकून उठल्या आन जाकीट उचलून होडीकडं चालायला लागल्या. "मुलीच्या आईलाच धाक न्हाई, तिथं मुलीचं काय बोलायचं." कल्याणराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "बघू रामप्रसादशेठ." असला 'बघू' मी स्वतः उधारीवाल्यांना लई येळा म्हणलेलो हाय. मला त्याचा अर्थ ठाऊक हाय.

जहाजाचा भोंगा झाला तशी नंदाबाई बाहेर आली. सुती साडी अंगाला चिकटलेली, केस मोकळे, डोळे लाल. दम बी लागला न्हवता. राजीनं पळत जाऊन तिच्या अंगावर शाल घातली, कल्याणरावांसाठी आणलेली, चांगली काश्मिरी. दोघी मायलेकी गळ्यात गळा घालून हासत होत्या का रडत होत्या, मला लांबून कळलं न्हाई.

माझ्यापुढं येऊन नंदाबाईनं पदर पिळला आन इचारलं, "झाला का कार्यक्रम?"

मी अजून तिच्याशी बोललेलो न्हाई. बोलणार बी न्हाई. बाईला पाण्यानं येड लावलं. काही माणसांना उंचावर गेलं की उडी मारावी वाटती, तसलंच काही असंल. डॉक्टरला दाखवावं लागंल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. समुद्र

बोललो न्हाई. ती बी बोलली न्हाई. तिला काही फरक पडलेला दिसत न्हाई.

राजूरवाल्यानं व्हिडिओ डीलर ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांचा पाऊस. भोकरदनच्या एकानं लिहिलं, वहिनींना कंपनीनं पुढच्या साली फुकट न्यावं. काही डीलरांच्या बायका आज सकाळपासून नंदाबाईला घेरून बसल्यात, पोहायला कसं शिकायचं म्हणून. मी जेवायला एकटाच गेलो. सतरा प्रकार होते, मी दहीभात खाल्ला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. कोचीहून निघाल्यावर

कल्याणराव मंडळी सकाळी कोचीला उतरली. मी बॅगा उचलायला गेलो. कौसल्याबाईंनी बॅग माझ्या हातातून काढून घेतली.

जहाजावर आज सगळीकडं लाल बदामाचे फुगे लावलेत. जोडप्यांचे खेळ ठेवलेत. माइकवाला एकसारखा ओरडून राह्यला, नवऱ्यांनो, बायकोबद्दल एक गोष्ट सांगा जी दुसऱ्या कुणाला ठाऊक न्हाई. मला उबग आला. वरच्या मजल्यावर गेलो तर नंदाबाई कठड्यापाशी बाकावर बसलेली. दुसरी जागा न्हवती म्हणून बसलो.

शेवटी मीच म्हणलं, "पोरीचं वाटोळं केलंस."

"पोरगी न्हाई म्हणली होती." शांतपणानं बोलली. "तुमच्याम्होरं तीनदा, माझ्याम्होरं किती येळा ते मोजलं न्हाई."

"अगं पोरी म्हणत असतात. लाजत असतात."

ती माझ्याकडं न बघता म्हणली, "मी बी न्हाई म्हणले होते."

"कव्हा?"

"तुम्ही शहागडला मला बघायला आल्ते तव्हा. चुलत्यानं इचारलं, पसंत हाय का? मी साफ म्हणलं, न्हाई. मला आत्ता करायचं न्हाई, मला शाळा पुरी करायची. सगळे हासले. लाजती म्हणले."

म्हणलं, "मला तर कुणी सांगितलं न्हाई."

"सांगायचं काय? तुम्ही तिथंच बसल्ते की. ओसरीवर. पोहे खात."

मी आठवून बघितलं. लई जोर लावला. पोहे आठवतात. वर खोबरं होतं, लिंबाची फोड होती, शेंगदाणे जरा करपलेले होते. पितळी ताटली होती. पोरगी आठवती, मान खाली घातलेली. ती 'न्हाई' म्हणल्याचं आठवत न्हाई. म्हणजे मी ऐकलंच न्हाई, का ऐकून हासलो सगळ्यांसंगं, ते बी आठवत न्हाई. खालून माइकवाला ओरडत होता आन मला नीट इचार बी करू देत न्हवता.

म्हणलं, "मंग तू तव्हाच का न्हाई असं काही केलंस? गोदावरी तर दारात होती."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग न्हवता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"मी पाण्यात उतरून काय झालं असतं? सुपारीला मायबाप लागतात," ती म्हणली. "माझी आई जोडीनं बसली."

एवढंच. मंग ती पुन्हा पाण्याकडं बघत बसली. मी बी बघितलं. चांगला तासभर बसलो असंल. 

१७ फेब्रुवारी, सोमवार. लंकेच्या आसपास

काही विशेष न्हाई. झोप येत न्हाई. राजीला एम.एस्सी.ला काय काय असतं ते इचारलं. तिनं जेवण होईपर्यंत सांगितलं. बियाण्याची उगवण कशी तपासतात, जात कशी शुद्ध ठेवतात. मी पंचवीस वर्षं बियाणं इकून राह्यलो, त्यातलं निम्मं मला ठाऊक न्हवतं. ठाऊक हाय असं दाखवलं. तिला कळलं बहुतेक.

२४ फेब्रुवारी, सोमवार. कुंभार पिंपळगाव

घरी येऊन तीन दिवस झाले. जमीन अजून हालती वाटती.

आज दुकानात कल्याणरावांचा फोन आला. आवाज गोड. म्हणले, "रामप्रसादशेठ, झालं गेलं गंगेला मिळालं. वहिनींना समुद्राचा वारा बाधला असंल, होतं कधी कधी. सूरजच्या आईची समजूत घातलीय मी. पोरगी आम्हाला पसंत हाय. राजूरच्या गणपतीला जाऊ, तिथंच सुपारी फोडू. वहिनींना जमलं तर आणा, न्हाई तर भाऊ-भावजय बसवा जोडीनं. आजकाल चालतं सगळं."

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा जीव हरखला. गेलेलं स्थळ पायानं चालत माघारी आल्तं. बंगला, एकुलतं पोरगं, राजूरवाल्याचं उतरलेलं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. भाऊ-भावजयीला इचारायचं बी मनात आलं. भाऊ माझ्या शब्दाबाहेर न्हाई.

मंग कल्याणराव सहज म्हणले, "पोरीला इचारलंत ना?"

म्हणलं, "इचारलं. न्हाई म्हणती."

ते मोठ्यानं हासले. "अहो शेठ, पोरी असंच म्हणत असतात! लाजत असंल."

दुकानात गिऱ्हाईक न्हवतं. नंदाबाई आतल्या बाजूला पाकिटं लावत होती, तिचा हात थांबला. मला पुन्हा ते करपलेले शेंगदाणे आठवले, कशाला ते ठाऊक न्हाई.

मी म्हणलो, "लाजत न्हाई. न्हाई म्हणली ती. मी ऐकलंय."

कल्याणरावांचा आवाज बदलला. "बघा बुवा. म्होरं सीझन येऊन राह्यला. माल सगळ्यांनाच पायजे असतो, कुणाला आधी, कुणाला मागून. राजूरवाला बी मागं लागलाय, दोन्ही बाबतीत."

म्हणलं, "द्या मंग त्याला." आन फोन ठेवला. खरिपाला माल येळेवर आला न्हाई तर गिऱ्हाईक परतूरला जाईल, हे मला त्याच क्षणाला कळत होतं. अजून बी कळतंय.

आत जाऊन नंदाबाईला सांगितलं. ती म्हणली, "ऐकलं. बरं केलं." आन पुन्हा पाकिटं लावायला लागली. कपाशी एका बाजूला, मका एका बाजूला. मी तिथंच उभा. मला वाटलं आणखी काही बोलंल.

मंग मीच इचारलं. शहाण्या माणसानं इचारावं असा प्रश्न न्हाई, पण तोंडातून गेला. "आन तुझं?"

"माझं काय?"

"म्हणजे मी आज आलो असतो बघायला. शहागडला. तर?"

तिनं हातातलं पाकीट ठेवलं आन मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माल परत करावा का ठेवावा, असं गिऱ्हाईक बघतं तसं.

"सांगते," ती म्हणली. "घाई काय हाय."

ही सकाळची गोष्ट. आता दिवस कलला. तिनं जेवू घातलं, चहा दिला, टाकीत पाणी सोडायची आठवण करून दिली. त्या गोष्टीवर काही बोलली न्हाई. मी गल्ल्यावर बसून राह्यलो, पण लक्ष आतच हाय.